तेल, पाणी आणि तीन मिनिटं



गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या सहलीला जे आले होते, त्यांना तीन गोष्टी नक्की आठवत असतील : लवकर संपलेली भेळ, न संपणारी अंताक्षरी आणि डास. चौथी गोष्ट ज्यांना आठवते ते सभ्यपणे माझ्यासमोर तिचा विषय काढत नाहीत. म्हणून मीच काढते. मुलांच्या अंगावर मारायला गवती चहाच्या तेलाचा ‘नैसर्गिक’ फवारा करून आणणारी स्वयंसेविका मीच. संपादकांनी ‘या अंकासाठी विज्ञानावर काहीतरी लिहा’ असं म्हटलं तेव्हा मला दुसरा विषय सुचेना. तेव्हा आधी चूक सांगते, मग विज्ञान.

पाव लिटर पाणी, त्यात अर्धा चमचा गवती चहाचं तेल, बाटलीला फवाऱ्याचं झाकण, एवढीच कृती. तेलाचं प्रमाण शेकडा १. हिशेब अगदी बरोबर होता. निघताना बाटली छान हलवली, पाणी दुधाळ झालं, वासही सुरेख आला. तळ्यावर वीसेक मुलांची ओळ लावली आणि एकेकाच्या हातापायांवर, मानेवर दहा-बारा फवारे मारत गेले. बाटली बरोबर शेवटच्या मुलीपर्यंत पुरली. ती चार वर्षांची. तिच्या मानेवर फवारा पडला आणि मिनिटाभरात ती किंचाळायला लागली. मान लालभडक.

तिची आई धावत आली, ‘‘ताई, तुम्ही डॉक्टर ना? बघा ना हिला काय झालं!’’ मी रसायनशास्त्रातली डॉक्टर. बाटलीतलं औषध कसं टिकेल ते सांगू शकते, माणसाला काय झालं ते नाही. इथल्या विषबाधा मदत केंद्राला फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून सौम्य साबण आणि भरपूर पाण्याने मान धुतली. लाली दोन दिवसांनी गेली. डोळ्यांत उडालं नाही हे आमचं नशीब. गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, ओळीतल्या पहिल्या दहा मुलांना डास चावायचे थांबले नव्हतेच.

साताऱ्याहून आलेल्या तिच्या आजी तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘‘अगं, तेल-पाणी कधी एक झालंय का?’’

आता माझ्या शरमेचं खरं कारण सांगते. मी ज्या प्रयोगशाळेत नोकरी करते तिथे माझं काम हेच आहे : तेल पाण्यात टिकवणं. संत्र्याच्या सालीचं तेल सरबतात असं मिसळायचं की बाटली महिनोन् महिने दुकानाच्या फळीवर उभी राहिली तरी गळ्याशी तेलाचं कडं जमता कामा नये. दिवसभर जे करून पगार घेते, ते सहलीच्या दिवशी विसरले. ‘घरगुती आहे, नैसर्गिक आहे, त्यात काय एवढं’ हा विचार डॉक्टरेट मिळालेल्या डोक्यातही सहज शिरतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाटलीत झालं काय?

गवती चहाच्या एक लिटर तेलाचं वजन साधारण ८९० ग्रॅम, पाण्याचं १००० ग्रॅम. हलकं ते वर येणार. प्रश्न एवढाच की किती वेळात? याचं उत्तर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली देऊन ठेवलं आहे. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. थेंब दहापट मोठा, तर वेग शंभरपट.

हाताने बाटली हलवून जे थेंब होतात त्यांतले बरेचसे केसाच्या जाडीएवढे, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, असतात. असा थेंब दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्यातून वर यायला किती वेळ घेतो? गणित केलं तर तीन मिनिटांहूनही थोडा कमी! म्हणजे मी मुलांना ‘ओळीत उभे राहा, ढकलाढकली करू नका’ असं सांगत होते तेवढ्यात बरंचसं तेल वर जमलं होतं. फवाऱ्याची नळी बाटलीच्या तळाला टेकलेली असते. त्यामुळे पहिल्या मुलांना वासाचं पाणी मिळालं, आणि बाटली रिकामी होताना वरचा तेलाचा थर नळीच्या तोंडाशी आला. बाटलीत सरासरी शेकडा १ होतं हे खरं. पण सरासरी कुणाच्याच अंगावर पडत नसते. शेवटच्या मुलीच्या मानेवर जवळजवळ शुद्ध तेल पडलं.

तेल शुद्ध असणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. ही तेलं तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखी नव्हेत. ती पानांतून, फुलांतून, सालींतून वाफेवर उडवून किंवा दाबून काढलेली, हवेत उडून जाणारी तेलं. गवती चहा, सिट्रोनेला आणि आपल्या खानदेशातलं रोशा गवत ही एकाच कुळातली भावंडं. रोशाचं तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं, इतका त्याचा वास गुलाबाच्या जवळचा. त्यातला मुख्य घटक जिरॅनिऑल. गवती चहाच्या तेलात बहुतांश, म्हणजे साधारण शेकडा ७० ते ८०, सिट्रल असतं. आपण चहात दोन पाती टाकतो तेव्हा त्यातला कणभर उतरतो. बाटलीतलं तेल म्हणजे कित्येक भारे गवताचा अर्क. ते थेट कातडीवर पडलं तर कातडी तक्रार करणारच.

साय, ताक आणि डेटॉल

तेल आणि पाणी एक होत नाहीत हे आजींचं म्हणणं खरं. पण एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने राहू शकतात. दूध हे त्याचं रोजचं उदाहरण : पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे बारीक थेंब. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला ‘पायस’ असा शब्द होता, पण तो वाचला की मला खीर आठवते, म्हणून इमल्शनच म्हणते.

इथे नवीन आलेल्या प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला जातो : ‘या गॅलनच्या दुधावर आपल्यासारखी जाड साय का धरत नाही?’ कारण ते दूध प्रचंड दाबाने एका बारीक फटीतून ढकललेलं असतं. ऑगस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ साली या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. दुधातले तीन-चार मायक्रॉनचे थेंब फुटून एका मायक्रॉनच्या आत येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके लहान थेंब वर चढता चढता दूध संपून जातं, साय धरायला वेळच मिळत नाही.

याच वाटेने आणखी पुढे गेलं की नॅनोइमल्शन. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. साधारण २० ते २०० नॅनोमीटर व्यासाच्या थेंबांच्या इमल्शनला हे नाव आहे. स्टोक्सचं तेच गणित १०० नॅनोमीटरच्या थेंबाला लावा : दहा सेंटिमीटर चढायला पाच वर्षांहून अधिक! प्रत्यक्षात तोही चढत नाही, कारण इतक्या लहान थेंबाला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत राहतात आणि तो गर्दीत सापडलेल्या माणसासारखा इकडेतिकडे भरकटत राहतो. थेंब ५० नॅनोमीटरच्या आत गेले तर मिश्रण चक्क पारदर्शक दिसतं, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि एवढ्या लहान थेंबांवरून तो फारसा विखुरत नाही. बाटलीत तेल आहे हे नाकाला कळतं, डोळ्यांना नाही.

थेंबाला कातडी हवी

थेंब नुसते फोडून भागत नाही. दोन थेंब एकमेकांना भेटले की पुन्हा एक होतात. आपल्याकडे रवीने घुसळून लोणी काढतात ते याच मार्गाने : थेंबांवरचं आवरण फाटतं आणि ते एकमेकांना चिकटतात. म्हणून थेंबाला कातडी हवी. ती देणाऱ्या पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात. त्याच्या रेणूचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन, रिठ्याचा फेस करणारं सॅपोनिन, दुधातली प्रथिनं हे सगळे त्याच जातीचे. कारखान्यात जास्त वापर ‘ट्वीन ८०’ चा. आइस्क्रीमच्या डब्यावर ‘पॉलिसॉर्बेट ८०’ असं लिहिलेलं असतं ते हेच. कोणता इमल्सिफायर पाण्याकडे किती झुकतो हे आकड्यात सांगण्याची पद्धत विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ साली घालून दिली. त्या मापावर ट्वीन ८० चा आकडा १५, म्हणजे तो चांगलाच पाण्याच्या बाजूचा, आणि म्हणून तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवायला योग्य.

कातडी किती लागते याचा अंदाज यावा म्हणून माझ्या त्या अर्ध्या चमचा तेलाचा हिशेब मांडते. केसाच्या जाडीएवढे थेंब केले तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग या अंकाच्या अडीच पानांएवढा भरतो. तेच तेल १०० नॅनोमीटरच्या थेंबांत वाटलं तर पृष्ठभाग होतो दीडशे चौरस मीटर, जवळजवळ दोन बॅडमिंटन कोर्टं! तेवढ्या जागेवर आवरण पसरायचं तर इमल्सिफायर चिमूटभर पुरत नाही, आणि फोडायला ताकदही लागते.

ही ताकद लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिली धसमुसळी : गोलँच्या यंत्राची आजची नातवंडं वापरायची. हजार वातावरणांच्या दाबाने मिश्रण बारीक फटीतून तीन-चार वेळा काढायचं, किंवा सेकंदाला २० हजार कंपनं करणारी धातूची कांडी त्यात बुडवायची. पदार्थ तापतो, म्हणून भोवती बर्फ ठेवावा लागतो, नाहीतर सुगंध उडून जातो.

दुसरी रीत बिनताकदीची, आणि ती तुम्ही सर्वांनी लहानपणी पाहिली आहे. दाढीच्या वाटीत डेटॉलचे चार थेंब टाकले की पाणी आपोआप पांढरं होतं. कुणी घुसळत नाही. डेटॉलमध्ये तेल, साबण आणि अल्कोहोल एकमेकांत विरघळलेले असतात. पाण्यात पडताच अल्कोहोल पाण्याकडे धावतं आणि मागे राहिलेलं तेल बारीक थेंबांत विखुरतं. फिनेलचंही तसंच. प्रयोगशाळेत याच तत्त्वावर तेल आणि ट्वीन आधी एकत्र करून ते मिश्रण ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडतात. नमुन्यादाखल : १०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम सुगंधी तेल, ६ ग्रॅम खोबरेलापासून वेगळं काढलेलं पातळ तेल, १५ ग्रॅम ट्वीन ८० आणि ७५ ग्रॅम पाणी. इथे तेलापेक्षा इमल्सिफायर जास्त लागतो हे पाहिलंत ना? यंत्राचे पैसे वाचले, पण चव कडवट होते आणि नाजूक कातडीला इतका साबणजातीचा पदार्थ सोसत नाही. फुकट काहीच मिळत नाही.

छोटा थेंब मोठ्याच्या पोटात

त्या नमुन्यातलं ६ ग्रॅमचं दुसरं तेल कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सुगंधी तेलांच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे, आणि नवशिक्यांची बाटली तिथेच फसते.

नुसत्या गवती चहाच्या तेलाचं उत्तम यंत्रावर नॅनोइमल्शन करा. पहिल्या दिवशी सुंदर, निळसर झाक असलेलं. काही दिवसांनी दुधाळ, आणि पुढे वर तेलाची चकती. थेंब एकमेकांवर आदळले नाहीत, कातडीही फाटली नाही, मग झालं काय? सुगंधी तेलं पाण्यात अगदीच विरघळत नाहीत असं नाही. लिटरभर पाण्यात सिट्रल जेमतेम एखादा ग्रॅम विरघळतं, पण तेवढं पुरे. जितका थेंब लहान तितका त्याच्या आतला दाब जास्त, आणि तितकं त्यातलं तेल बाहेरच्या पाण्यात अधिक सुटतं. ते पाण्यातून प्रवास करून मोठ्या थेंबात जाऊन बसतं. लहान थेंब आटत जातात, मोठे फुगत जातात. आपला मत्स्यन्यायच, फक्त इथे मोठा मासा छोट्याला चावतही नाही, छोटा आपणच विरघळून त्याच्या पोटात जातो. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. त्यांना १९०९ चं नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

यावरचा उपाय मला आजही फार आवडतो. हिगुची आणि मिश्रा या दोघांनी १९६२ साली तो मांडला. सुगंधी तेलात पाण्यात मुळीच न विरघळणारं दुसरं तेल आधीच मिसळून ठेवायचं : तिळाचं, मक्याचं किंवा खोबरेलातलं. आता प्रत्येक थेंबात दोघं आहेत. लहान थेंबातून सुगंधी तेल बाहेर जायला लागलं की मागे राहणाऱ्या जड तेलाचं प्रमाण वाढतं. तेही बाहेर जाऊ म्हणेल तर पाणी त्याला घेत नाही. दोहोंचं प्रमाण असं बिघडलं की थेंब सुगंधी तेलाला परत ओढून घेतो. बाहेर ढकलणारी आणि आत ओढणारी ओढ समसमान झाली की गळती थांबते.

किती मिसळायचं? २०१२ साली थाइमच्या तेलावर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तेलाच्या भागात निम्मं किंवा त्याहून अधिक जड तेल घातल्यावरच थेंब स्थिर राहिले. पण त्याच प्रयोगांत असंही दिसलं की जड तेल वाढवत नेलं की जंतू मारण्याची शक्ती कमी होते, कारण औषधी भाग त्या तेलातच अडकून बसतो. टिकाऊपणा आणि गुण यांची ही रस्सीखेच प्रत्येक पाककृतीत असते. भाज्या धुण्याचं द्रावण, तोंड धुण्याचं औषध, सरबत, मलम, प्रत्येकासाठी तोल वेगळा. म्हणूनच यात पाककृती शोधायला महिने जातात.

टिकाऊ म्हणजे निर्धोक नव्हे

इथे एक इशारा द्यायला हवा. नॅनोइमल्शन कधीच कायमचं टिकत नाही. दरडीवर थांबलेल्या दगडासारखं ते असतं : अडलेलं, पण खाली येण्याची ओढ कायम. म्हणून आम्ही बाटल्या फ्रिजमध्ये, खोलीत आणि ४० अंशांच्या कपाटात ठेवून महिनोन् महिने थेंब मोजतो. गोठवून वितळवतो, जोराने गरागरा फिरवतो. थेंब मोजायला लेसरचं यंत्र असतं. डोळ्याला ‘छान दिसतंय’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवायला नको होता.

आणि टिकली तरी बाटली निर्धोक झाली असं नाही. दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा पृष्ठभाग म्हणजे हवेला हल्ला करायला तेवढीच जागा. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनीन हवेशी संयोग पावलं की त्यातून कातडीला ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. पाणी आहे म्हणजे बुरशी आणि जंतूही आले, म्हणून परिरक्षक घालावा लागतो. शिवाय बारीक थेंब कातडीशी आणि आतड्याशी अधिक सलगी करतात. औषधासाठी तो गुण, चुकीच्या मात्रेसाठी तोच अवगुण.

‘पूर्वापार वापरात आहे’ हेही पुरेसं उत्तर नाही. सरबतातलं संत्र्याचं तेल वर येऊ नये म्हणून त्यात ब्रोमीन जोडलेलं वनस्पतितेल घालून ते जड करण्याची युक्ती या देशात कित्येक दशकं चालली. अखेर इथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली त्याची परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना बदलायला एक वर्षाची मुदत दिली. दुसरीकडे युरोपने २००३ च्या नियमाने सुगंधातल्या २६ द्रव्यांची नावं सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टणावर छापणं सक्तीचं केलं, आणि २०२३ साली त्या यादीत आणखी भर घातली. मूळच्या २६ मध्ये सिट्रल, जिरॅनिऑल, लिमोनीन आहेत. म्हणजे गवती चहा, रोशा आणि संत्र्याची साल. तिन्ही अस्सल नैसर्गिक.

मग घरी काय करायचं?

हा लेख वाचून कुणी मिक्सरमध्ये नॅनोइमल्शन करायला बसू नये. मिक्सरला ते जमत नाही, आणि जमलं की नाही हे तपासायला घरी साधन नाही. त्यापेक्षा हे करा.

१. पाण्यात सुगंधी तेल टाकून अंगावर फवारू नका, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यातही टाकू नका. तेल वर तरंगतं आणि बाळाच्या कातडीला चिकटतं. मोठ्यांना मालिशसाठी हवंच असेल तर ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळा, शेकडा १ च्या वर नको, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. तेलात तेल खरोखर विरघळतं, तिथे वर-खाली होण्याचा प्रश्न येत नाही.

२. डासांसाठी घरगुती प्रयोग नकोत. वेस्ट नाइलचा विषाणू १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि पुढे देशभर पसरला, म्हणजे प्रश्न नुसत्या खाजेचा नाही. पर्यावरण खात्याकडे नोंदलेलं, डीट किंवा पिकारिडिन असलेलं औषध घ्या आणि वेष्टणावरच्या सूचना पाळा. वनस्पतीपासूनच हवं असेल तर ‘ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस’ हे नोंदलेलं आहे, पण तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं. नावात साम्य असलं तरी दुकानातलं सुगंधी तेल म्हणजे ते नव्हे.

३. निलगिरीचं तेल आणि कापूर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, कुलपात ठेवा. देशाहून आणलेली छोटी बाटली औषधांच्या डब्यात सहज पडून राहते. ही दोन्ही थोड्या प्रमाणात पोटात गेली तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. इथल्या औषधांत कापूर शेकडा ११ च्या वर घालायला परवानगी नाही ती याच कारणाने.

४. काही झालंच तर विषबाधा मदत केंद्राचा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा : १-८००-२२२-१२२२. फोन फुकट, दिवसरात्र. बाटली हातात धरून फोन करा, कारण ते पहिला प्रश्न ‘बाटलीवर काय लिहिलंय’ हाच विचारतात. मी केलेल्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

यंदाच्या सहलीचं

यंदा फवाऱ्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे, आणि ते योग्यच झालं. मंडळ दुकानातून नोंदलेली औषधं आणणार आहे, आणि कुणाच्या अंगावर काय लावायचं ते त्या त्या घरचे आईवडील ठरवतील. मला मुलांच्या मराठी वर्गासाठी अर्धा तास दिला आहे. मी झाकण घट्ट बंद केलेल्या तीन बाटल्या आणणार आहे : एकीत नुसतं तेल-पाणी, दुसरीत हाताने हलवलेलं इमल्शन, तिसरीत कामावरच्या वरिष्ठांना विचारून आणलेलं सरबताच्या सुगंधाचं नॅनोइमल्शन. मुलांनी पहिली बाटली हलवायची आणि घड्याळ लावून बसायचं. तेल वर यायला किती वेळ लागतो ते त्यांनीच मला सांगायचं.

ती चार वर्षांची मुलगी आता पाच वर्षांची झाली आहे. तिच्या आईला मी विचारलं, घड्याळ तिच्या हातात दिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, ‘‘द्या की. आजींनासुद्धा फोनवर दाखवू.’’